मारणाऱ्याचे पुढे काय होते? हिंसक ॲक्शन ॲनिमेतील आशय आणि व्यक्तिरेखा

जपानी ॲक्शन ॲनिमेत माणसे मोठ्या संख्येने मरतात. तलवारीने मरतात, बंदुकीने मरतात, राक्षसांच्या जबड्यात सापडून मरतात. आणि मरताना पडद्यावर उडणारे रक्त माणसाच्या अंगात मावेल त्याहून बहुधा जास्तच असते. एवढ्यावरून या प्रकाराला उथळ ठरवणारे पुष्कळ आहेत आणि एवढ्यासाठीच तो पाहणारेही कमी नाहीत. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. या प्रकारातल्या उत्तम कृतींची खोली किती माणसे मेली यावर ठरत नाही. मारणाऱ्याचे पुढे काय झाले, यावर ठरते. मारलेल्यांचे चेहरे त्याला आठवतात का, त्यांच्यामागे कोण राहिले हे त्याला कधी कळते का, पुढच्या वेळी हत्यार उचलताना त्याचा हात तसाच चालतो का, हे जी कथा विचारते तिच्यात माणूस वाढतो. जी विचारत नाही तिच्यात फक्त ताकद वाढते.

ताकद वाढणे आणि माणूस वाढणे यांची गल्लत या प्रकारात फार होते. तिचे कारण बरेचसे मासिकांच्या धंद्यात आहे. बहुतेक ॲक्शन ॲनिमे मुळात मांगा असतात, म्हणजे साप्ताहिकातून किंवा मासिकातून क्रमशः छापल्या गेलेल्या चित्रकथा. १९६८ साली सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’ने मैत्री, प्रयत्न आणि विजय ही त्रिसूत्री रुळवली आणि १९९४च्या अखेरीस त्याच्या एका अंकाचा खप ६५ लाखांवर नेला. वाचकांचा कौल सतत मोजला जाई आणि मागे पडलेली कथा बंद होई. अशा व्यवस्थेत लेखकापुढे सोपा रस्ता एकच: आधीच्यापेक्षा बलाढ्य शत्रू आणायचा आणि नायकाला नवा डाव शिकवायचा. बुरॉन्सन आणि तेत्सुओ हारा यांची १९८३ साली सुरू झालेली ‘होकुतो नो केन’ (इंग्रजीतून ती ‘फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार’ म्हणून पोहोचली) हे त्याचे नमुनेदार उदाहरण. अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगात फिरणारा केनशिरो मर्मस्थानावर बोट टेकवतो आणि समोरचा माणूस आतून फुटतो. मालिकाभर केनशिरो जवळजवळ बदलत नाही. तिच्यात जे काही मानवी आहे ते राओसारख्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या वाट्याला आले आहे. नायक त्यांच्यासाठी रडतो आणि पुढे निघतो.

मात्र ज्या काटकसरीतून हा प्रकार घडला तिनेच त्याला एक अनपेक्षित देणगी दिली. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ दूरचित्रवाणीवर आली तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग तुटपुंज्या पैशांत काढायचा होता. चित्रपटाच्या पट्टीवर सेकंदाला २४ चौकटी असतात. तिथे एकच चित्र तीन चौकटींसाठी वापरायचे, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागवायचे, चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, अशा युक्त्या रूढ झाल्या. लढाई मध्येच गोठवून पात्राचा मनातला आवाज ऐकवणे हेही त्याच घरचे. मांगाच्या चौकटींतली स्वगते त्याला आयतीच मिळाली. त्यामुळे तलवार हवेत असताना बालपण आठवणे, शंका येणे, भीती वाटणे हे सगळे ॲनिमेच्या प्रेक्षकाला सवयीचे झाले. नव्या प्रेक्षकाला या थांबलेल्या लढाया हास्यास्पद वाटतात, आणि पुष्कळदा त्या असतातही. पण हाणामारीच्या मधोमध माणसाच्या मनात शिरण्याची सोय इतक्या सहजपणे फार थोड्या दृश्यकलांना लाभली आहे.

तिचा गंभीर उपयोग करणारी पिढी युद्धाच्या सावलीतली होती. गो नागाई यांचा जन्म १९४५चा, योशियुकी तोमिनो यांचा १९४१चा. नागाई यांची ‘डेव्हिलमॅन’ १९७२ साली मांगा आणि दूरचित्रवाणी मालिका अशा दोन्ही रूपांत आली; मालिका मुलांना झेपेल अशी सौम्य केलेली होती, मांगा नव्हती. तिच्या शेवटाकडे राक्षस बाजूला राहतात आणि भेदरलेली माणसेच शेजाऱ्यांना राक्षस ठरवून मारू लागतात. नायकाने ज्या कुटुंबासाठी स्वतःचे माणूसपण पणाला लावले ते कुटुंब माणसांच्याच जमावाकडून संपते. मासाआकी युआसा यांनी २०१८ साली ‘डेव्हिलमॅन क्रायबेबी’ या दहा भागांच्या मालिकेत हा शेवट न कचरता चित्रित केला.

तोमिनो यांची ‘मोबाइल सूट गंडम’ १९७९ साली आली आणि प्रेक्षकसंख्या कमी म्हणून ५२ ऐवजी ४३ भागांत आटोपली. पुनःप्रसारणाने आणि खेळण्यांच्या विक्रीने तिला नंतर जे यश मिळाले ते सर्वज्ञात आहे. तिचा नायक आमुरो हा यंत्रांच्या नादात रमणारा किशोरवयीन मुलगा. तो अपघाताने लढाऊ यंत्रात बसतो आणि मग त्यातून सुटका नाही. १३व्या भागात तो बऱ्याच काळाने आईला भेटतो. तिच्यासमोर तो शत्रूच्या सैनिकावर गोळी झाडतो. आई त्या सैनिकालाही कुणाचे तरी मूल समजते आणि स्वतःच्या मुलाकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहते. आमुरो परत लढायला जातो. त्या भागात लढाई नावापुरती आहे, पण सैनिक होणे म्हणजे काय हे त्याने सांगितले तेवढे पुढच्या अनेक मालिकांना सांगता आलेले नाही.

१९९०च्या दशकात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले: मारणे सोडून दिलेला योद्धा. नोबुहिरो वात्सुकी यांचा केनशिन हा मेइजी क्रांतीच्या काळातला मारेकरी. त्याची कथा १९९४ साली मांगात आणि १९९६ साली पडद्यावर आली. नवे राज्य आल्यावर तो उलट्या धारेची तलवार घेऊन भटकतो, म्हणजे नेहमीच्या वाराने समोरचा कापला जाऊ नये. मूळ मालिकेत ही तलवार बरीचशी गमतीची वस्तू आहे. तिच्यामागचा माणूस काझुहिरो फुरुहाशी यांनी दिग्दर्शित केलेल्या १९९९च्या चार भागांत दिसतो. सुरुवातीलाच दरोडेखोरांनी लुटलेल्या तांड्यातला एक अनाथ मुलगा एकटाच थडगी खणतो. तो आपल्या माणसांना पुरतो, मुलांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पुरतो आणि दरोडेखोरांनाही पुरतो. हाच मुलगा पुढे नव्या युगासाठी म्हणून अंधारात माणसे कापू लागतो. त्याच्या गालावरचा पहिला व्रण एका तरुण अंगरक्षकाने मरता मरता केलेला; दुसरा त्या अंगरक्षकाच्या वाग्दत्त वधूने, तोमोएने, केनशिनच्याच तलवारीखाली प्राण सोडताना केलेला. तोवर ती त्याची बायको झालेली असते. चार भागांत रक्त भरपूर आहे आणि ते लालभडक, जड, कपड्यांना चिकटणारे आहे. थडग्यांच्या त्या पहिल्या दृश्यामुळे त्यातला एकही थेंब शोभेचा वाटत नाही.

याच कुळातले दोन आणखी. १९९८च्या ‘ट्रायगन’मधला वॅश हा कुणालाही न मारण्याचे व्रत घेतलेला बंदूकबाज आहे, लेगाटो नावाचा शत्रू त्याला अशा पेचात पकडतो की मित्रांचे प्राण वाचवायचे तर लेगाटोला मारलेच पाहिजे. वॅश गोळी झाडतो आणि कोलमडतो. व्रत पाळणाऱ्यापेक्षा व्रत मोडलेल्याकडे पाहण्याचे धाडस या मालिकेने केले. २००७च्या ‘स्वोर्ड ऑफ द स्ट्रेंजर’ या चित्रपटात नायकाने आपली तलवार म्यानाला दोरीने बांधून ठेवलेली असते. शेवटी ती दोरी सुटणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळते आणि ती सुटते तेव्हा प्रेक्षक सुखावतो. इथे या प्रकारातली मूळ अडचण उघडी पडते. अहिंसेची शपथ ही कथेत बहुधा एक धरण असते. ते फुटावे म्हणूनच बांधलेले.

केन्तारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’ला अशा शपथेची गरज नाही. मांगा १९८९ साली सुरू झाली आणि २०२१ साली मिउरा वारले तेव्हा अपुरी होती. १९९७-९८ची २५ भागांची मालिका चित्रांच्या संख्येत गरीब आहे. तिच्यातल्या कित्येक लढाया स्थिर चित्रांवर निभावल्या आहेत. तरी तिच्यातला गट्स हा या प्रकारातल्या सर्वात पूर्ण व्यक्तिरेखांपैकी एक. भाडोत्री सैनिकांत वाढलेल्या या मुलाला तलवारीखेरीज काही येत नाही. ग्रिफिथ हा महत्त्वाकांक्षी सेनानायक त्याला जिंकून आपल्या टोळीत घेतो आणि गट्सला पहिल्यांदाच कुणाचे तरी व्हावेसे वाटते. ग्रिफिथच्या सांगण्यावरून तो एका उमरावाचा गुप्तपणे खून करतो. तेवढ्यात दारात आलेला उमरावाचा लहान मुलगाही, कोण आहे हे न पाहता, त्याच्या तलवारीला बळी पडतो. त्याच रात्री जखमी गट्स ग्रिफिथला राजकन्येशी बोलताना ऐकतो: ज्याचे स्वतःचे स्वप्न आहे आणि जो त्यासाठी माझ्यासमोरही उभा राहील, त्यालाच मी मित्र म्हणेन, असा त्याचा आशय. ज्याच्यासाठी मूल मारले त्याच्या लेखी आपण मित्र नाही, हे गट्सला कळते. पुढची सारी शोकांतिका, म्हणजे गट्सचे टोळी सोडणे, ग्रिफिथचे ढासळणे, वर्षभराचा तुरुंगातला छळ आणि शेवटचा तो राक्षसी नरसंहार, या एका रात्रीतून निघते. दोघांपैकी कुणीही मूर्ख किंवा जन्मतः दुष्ट नाही. त्या अंतिम संहारात कास्का या स्त्री-योद्ध्यावर होणारा अत्याचार मात्र ज्या तऱ्हेने रेखाटला आहे त्यावरचा आक्षेप रास्त आहे. टोळीतली सर्वात समंजस व्यक्ती तिथे दोन पुरुषांमधल्या वैराचे साधन होऊन जाते.

सूडाविषयी हिरोमु आराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चेही नाव घ्यायला हवे. तिच्यातली विन्री ही मुलगी आईवडिलांच्या खुन्यावर पिस्तूल रोखते आणि झाडू शकत नाही. पुढे त्याच्याच जखमेवर पट्टी बांधते, पण क्षमा केली असे म्हणत नाही. हा फरक आराकावा यांनी नेमका जपला आहे.

या सर्व धाग्यांची सर्वात कसोशीने केलेली वीण माकोतो युकिमुरा यांच्या ‘विन्लँड सागा’त आढळते. मांगा २००५ साली साप्ताहिक ‘शोनेन मॅगझिन’मध्ये सुरू झाली आणि तो वेग न झेपल्याने त्याच वर्षी ‘आफ्टरनून’ या मासिकात गेली. कथेचा संथ श्वास पाहता हे बरेच झाले म्हणायचे. २००९ साली तिला जपान मीडिया आर्ट्स महोत्सवाचा मांगा विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०२५ साली ती पूर्ण झाली. पडद्यावर तिचे २४-२४ भागांचे दोन सीझन आले: २०१९चा विट स्टुडिओचा, २०२३चा माप्पाचा. दोन्हींचे दिग्दर्शक शुहेइ याबुता.

कथा अकराव्या शतकाच्या आरंभीच्या उत्तर युरोपातली आहे. थोरफिन हा आइसलँडमधला मुलगा. त्याचे वडील थोर्स एके काळचे नामांकित लढवय्ये; युद्धाला कंटाळून, मेल्याचे सोंग करून आइसलँडमध्ये शेतकरी झालेले. पहिल्या भागातच ते पळून आलेल्या एका मरणासन्न गुलामाला, मालकाला मेंढ्यांचा मोबदला देऊन, विकत घेतात. गुलाम काही तासांतच मरतो. व्यवहार म्हणून हे नुकसान आहे, आणि थोर्स काय आहेत हे सांगायला तेवढे पुरते. मांगाची सुरुवात मोठ्या झालेल्या थोरफिनच्या लढाईने होते आणि बाप नंतर आठवणीत येतो. मालिकेने क्रम बदलून बापापासून सुरुवात केली. त्यामुळे पुढची प्रत्येक हत्या प्रेक्षक थोर्स यांच्या नजरेखाली पाहतो. रूपांतरात मूळ कृती सुधारते अशी उदाहरणे थोडी. हे त्यांतले एक.

थोर्स यांना आस्केलाड नावाचा भाडोत्री टोळीप्रमुख फेरो बेटांजवळ दगा देऊन मारतो. मरण्यापूर्वी त्यांनी मुलाला सांगितलेले असते की तुला कुणीही शत्रू नाही, कुणालाच शत्रू नसतो. मुलगा ते ऐकतो आणि आस्केलाडच्याच टोळीत राहून, त्याला द्वंद्वात मारण्याच्या एका इच्छेवर, दहा-अकरा वर्षे जगतो. द्वंद्वाची संधी मिळवण्यासाठी आस्केलाड सांगेल ती कामगिरी तो पार पाडतो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एक बाई या जखमी पोराला आसरा देते, त्याचे केस विंचरते. तो तिला सावध करू पाहतो, पण ठरल्याप्रमाणे इशाऱ्याची आग पेटवतोच आणि तिचे गाव कापले जाते. पहिल्या सीझनमधला थोरफिन वाढत नाही. तो उंच होतो, चपळ होतो, बाकी सहा वर्षांचाच राहतो. अनेक प्रेक्षकांना तो या काळात चिडखोर आणि एकसुरी वाटतो. ती तक्रार खरी आहे आणि युकिमुरा यांना तेच दाखवायचे आहे. सूडाने माणसाची वाढ खुंटते हे वाक्य कुणीही लिहील. २४ भाग वाढ न होऊ देता नायक चालवणे अवघड.

त्या सीझनचे खरे केंद्र आस्केलाड आहे. डॅनिश सरदार आणि वेल्श गुलाम स्त्री यांचा हा मुलगा विनोदी, धूर्त, मोकळा बोलणारा आहे, आणि प्रेक्षक त्याच्यावर नकळत लोभ करू लागतो. नेमके तेव्हाच हिवाळ्यात अडकलेली त्याची टोळी अन्नासाठी एक अख्खे खेडे संपवते. बाहेर गेलेली एक मुलगी लपून आपल्या घरच्यांचा अंत पाहते. ती आदल्या दिवशी बाजारातून अंगठी चोरल्याच्या पापाने कासावीस असते. तिला प्रश्न पडतो की एवढे मोठे पाप करणाऱ्यांना देव का अडवत नाही. कत्तल करणारे मात्र निवांत आहेत, कारण त्यांच्या जगात हे कामच आहे. प्रेक्षकाला आपल्या लोभाची लाज वाटावी अशी या भागाची रचना आहे. १०१४ साली राजा स्वेन वेल्सवर चालून जाण्याची धमकी देतो तेव्हा आस्केलाड वेड्याचे सोंग करून भर दरबारात त्याचे मुंडके उडवतो आणि ठरवल्याप्रमाणे राजपुत्र कनूटच्या तलवारीने मरतो. (इतिहासातला स्वेनही १०१४च्याच फेब्रुवारीत मेला, मृत्यूचे हे कारण अर्थातच युकिमुरा यांचे.) ज्याला मारण्यासाठी जगलो तो दुसऱ्याच्या हातून मेला, आणि थोरफिनकडे जगण्याचे काहीच कारण उरले नाही. इथे पहिला सीझन संपतो.

दुसरा सीझन डेन्मार्कमधल्या एका शेतावर घडतो. थोरफिन तिथे गुलाम आहे. त्याच्यासोबत आयनार हा इंग्लंडमधून पकडून आणलेला शेतकरी. जंगल तोडायचे, बुंधे उपटायचे, नांगरायचे, गहू पेरायचा, आणि पिकाच्या पैशातून स्वतःची किंमत चुकती करायची, असा मालक केटिलचा सौदा. कित्येक भाग यातच जातात. ॲक्शन पाहायला आलेले कित्येक प्रेक्षक इथे कंटाळून गळाले. पण बुंधा उपटायला किती दिवस लागतात हे दाखवल्याशिवाय शेत जाळणे म्हणजे काय हे कळत नाही. आयनारचे घर आणि गाव ज्या प्रकारच्या माणसांनी जाळले त्यातला एक आपल्या शेजारी झोपतो, हे आयनारला हळूहळू समजते. त्यांची मैत्री समेटाच्या एखाद्या भाषणाने होत नाही. एकच दांडा दोघांनी ढकलल्याने होते.

थोरफिन रात्री किंचाळत उठतो पण स्वप्न त्याला आठवत नाही. हेवा करणारे नोकर त्यांचे कोवळे पीक उपटून टाकतात, मारामारी होते, आणि बेशुद्ध पडलेल्या थोरफिनला स्वप्न अखेर स्पष्ट दिसते. खोल दरीत मेलेले योद्धे एकमेकांना अनंतकाळ कापत आहेत. नॉर्स माणसाने ज्या स्वर्गाची आस धरायची तो हाच. थोरफिन कड्याला लोंबकळतो आहे आणि त्याने मारलेली माणसे त्याच्या पायांना धरून वर चढू पाहत आहेत. ते मृत त्याला शिक्षा करत नाहीत, फक्त विचारतात. त्यांना सोबत घेऊनच वर चढ, असे आस्केलाड त्याला बजावतो. जागा झाल्यावर तो हिंसा सोडण्याचे ठरवतो. केनशिनची शपथ कथा सुरू होण्याआधीच घेऊन झालेली होती. थोरफिनची प्रेक्षकासमोर घडते, सुमारे ३३ भागांनंतर, आणि म्हणून तिचे वजन वेगळे आहे.

युकिमुरा यांची खरी कारागिरी या शपथेसमोर कनूटला उभे करण्यात आहे. भित्रा, धार्मिक राजपुत्र पहिल्या सीझनमध्ये एका हिमाच्छादित रानात बदलतो. विलिबाल्ड हा दारुडा धर्मोपदेशक त्याला दाखवून देतो की ज्याला तो प्रेम समजत होता तो निव्वळ पक्षपात आहे. देव बोलत नसेल तर पृथ्वीवरचे नंदनवन आपणच उभारू, असे कनूट ठरवतो, आणि त्यासाठी विष, कारस्थान, जप्ती काहीही वर्ज्य मानत नाही. सैन्याच्या खर्चासाठी त्याला केटिलचे शेत हवे असते. थोरफिन स्वप्नात मेलेल्यांशी बोलतो, कनूट जागेपणी बापाच्या तुटलेल्या मुंडक्याशी बोलतो. एकाच काळाने दोन तरुणांना दोन सोबती दिले. कनूट दुष्ट नाही. शांततेसाठी किती माणसे मारावी लागतील याचा त्याचा आकडा ठरलेला आहे, एवढेच.

शेवटी थोरफिन राजाची भेट मागतो आणि ती मिळवण्यासाठी एका धिप्पाड सैनिकाचे शंभर ठोसे उलट हात न उचलता सोसतो. ही या मालिकेतली मोठी ‘फाइट’. प्रत्यक्ष भेटीत राजाने माघार घ्यावी असा युक्तिवाद त्याच्याकडे नाहीच. तुमच्याशी लढणार नाही, पळून जाऊ, आणि तुमच्या जगात ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी दूर कुठेतरी देश वसवू, इतकेच तो म्हणतो. कनूट हसतो आणि परत फिरतो. इथे मालिकेने सवलत घेतली आहे. सैन्य घेऊन आलेला असा हिशेबी राजा इतक्या सहज वळावा हे पटायला जड जाते. त्याहून गंभीर उणीव आर्नहाइडची. युद्धाने नवरा हिरावलेली, गुलाम झालेली, मालकाच्या मुलाची आई होऊ घातलेली ही स्त्री पळून आलेल्या नवऱ्याला लपवते, तो मरतो, आणि केटिल तिला काठीने मारून अर्धमेली करतो. जगण्याला काय अर्थ आहे हा तिचा प्रश्न अख्ख्या मालिकेतला सर्वात कठीण प्रश्न आहे. तो तोंडात असतानाच ती मरते आणि उत्तराची जबाबदारी थोरफिन घेतो. तिच्या मरणातून नायकाला दिशा मिळाली. तिला काही मिळाले नाही.

दुय्यम पात्रांत मात्र विलक्षण काळजी आहे. केटिल हा मवाळ मालक ‘पोलादी मूठ’ या खोट्या ख्यातीवर जगतो आणि घाबरल्यावर त्या ख्यातीहूनही क्रूर होतो. त्याचा धाकटा मुलगा ओल्मार शूर म्हणवून घ्यायला अधीर. कनूटची माणसे त्याला डिवचून खून करायला लावतात आणि त्याच निमित्ताने शेतावर चालून येतात. त्याच्यामुळे शेतकरी मरतात. ओल्मार शेवटी भित्रा ठरण्याची तयारी ठेवून शरणागती पत्करतो. तलवार न चालवता मोठा झालेला या कथेतला दुसरा माणूस तो.

थोरफिनला मूळ ऐतिहासिक आधार आहे. आइसलँडच्या गाथांतला थोरफिन कार्लसेफ्नी उत्तर अमेरिकेत वस्ती करायला गेला. स्थानिकांशी चकमकी झाल्या आणि तो परतला. न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे नॉर्स वस्तीचे अवशेष १९६०च्या दशकात उजेडात आले. म्हणजे शस्त्राविना देश वसवण्याच्या थोरफिनच्या स्वप्नाचे काय होणार, हे इतिहास जाणणाऱ्या वाचकाला आधीच ठाऊक असते.

हाजिमे इसायामा यांच्या ‘अटॅक ऑन टायटन’ने (मांगा २००९ ते २०२१, मालिका २०१३ ते २०२३) तोच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. तीन सीझन प्रेक्षक तटबंदीच्या आतल्या माणसांसोबत राहतो. बाहेरचे टायटन, म्हणजे माणसे खाणारे महाकाय राक्षस, आणि त्यांना धाडणारे शत्रू यांचा त्याला मनापासून राग येतो. डिसेंबर २०२०मध्ये सुरू झालेला चौथा सीझन थेट शत्रूच्या देशात उघडतो. तिथल्या वस्तीत दंडावर पट्टी बांधून, कुंपणात राहणारी मुले सैनिक होण्यासाठी धडपडत आहेत. त्यांतली गाबी डोळ्यांसमोर आपल्या मैत्रिणीला मेलेले पाहते, शत्रूच्या विमानावर चढते आणि साशा या सर्वांच्या लाडक्या मुलीला गोळी घालते. पुढे ओळख लपवून ती ज्या घरी आसरा घेते ते साशाच्या आईवडिलांचे निघते. खरे कळल्यावर शिकारी असलेला तो बाप हातात दिलेला सुरा खाली ठेवतो. ज्या रानात एकमेकांना मारल्याशिवाय जगता येत नाही त्यातून निदान मुलांना तरी बाहेर काढायला हवे, असे तो म्हणतो. गाबी आणि तिच्याच बाजूचा, अपराधाने पोखरलेला सैनिक राइनर या मालिकेच्या खऱ्या कमाया आहेत. नायक एरेन मात्र जगातल्या बहुतांश माणसांना तुडवून मारतो आणि त्याच्या या कृत्याला शेवटी मित्रांच्या अश्रूंचा जो ओलावा मिळतो तो न शोभणारा आहे. दंडपट्ट्या आणि बंदिस्त वस्त्या यांतून युरोपातल्या ज्यूंच्या छळाची आठवण जागवायची आणि मग त्याच समूहाला खरोखरच जगबुडी करण्याची ताकद द्यायची, यावर झालेली टीकाही झटकून टाकण्यासारखी नाही.

या कृतींच्या यशाने एक साचाही तयार झाला. ‘डीमन स्लेयर’मध्ये जवळजवळ प्रत्येक राक्षस मरताना त्याचे माणूस असतानाचे दुःख दिसते आणि नायक तान्जिरो त्याच्यासाठी हळहळतो. पहिल्या काही वेळा हे हेलावून टाकते. दहाव्या वेळी प्रेक्षक घड्याळ पाहतो. हळहळ खोटी नाही, पण तान्जिरोला तिची किंमत मोजावी लागत नाही. त्याचा हात पुढच्या वेळीही तसाच चालतो. युफोटेबल स्टुडिओची चित्रे इतकी देखणी आहेत की मान उडण्याचा क्षण उत्सव होतो. २०२०चा त्याचा ‘मुगेन ट्रेन’ चित्रपट जपानमधल्या तोवरच्या सर्वाधिक कमाईचा ठरला, यात या देखणेपणाचा वाटा मोठा आहे. हिंसेवर प्रश्न विचारणाऱ्या मालिकाही हिंसेच्या सुंदर चित्रांवरच विकल्या जातात. ‘विन्लँड सागा’चा पहिला सीझन त्याला अपवाद नाही. हा विरोधाभास कुणी सोडवलेला नाही. दुसऱ्या सीझनने तो फक्त ओळखला आणि प्रेक्षक गमावण्याची तयारी ठेवली.

या प्रकाराकडे नव्याने वळणाऱ्याने केनशिनच्या १९९९च्या चार भागांपासून सुरुवात करावी. ते दोन तासांत संपतात आणि आधीची मालिका पाहिलेली असण्याची अट नाही. ‘विन्लँड सागा’ पाहताना पहिला सीझन गाळू नये, कारण दुसऱ्यातल्या शेतीला अर्थ त्यातल्या कत्तलीनेच येतो. ‘बर्सर्क’ आणि ‘डेव्हिलमॅन क्रायबेबी’ प्रौढांसाठीच आहेत. चित्रे हलतात म्हणून ती मुलांच्या हाती देऊ नयेत.